वर्गणीच्या वहीतला आकडा

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असे चिटणीसांनी सांगितले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. तो आधीच चालून आला होता. दर रविवारी सकाळी संस्थेच्या अभ्यासिकेत बी. कॉम.च्या वर्गातील दहाबारा मुलेमुली व्यापारी कायद्यातील अडचणी घेऊन आमच्याकडे बसतात. आम्ही वकील नव्हे, शाळामास्तर. परंतु पदवी वाणिज्य शाखेची असल्यामुळे हा विषय एके काळी आम्हीही घोकला आहे. त्यातील कलमांपेक्षा खटल्यांच्या नावांचीच मुलांना धास्ती अधिक. कार्लिल, बाल्फर, लालमन शुक्ल, मोहरी बीबी, दुर्गाप्रसाद. नाव पाठ असते, साल पाठ असते; पण ही माणसे कोर्टात कशासाठी भांडली आणि त्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध, हे विचारले की सारा वर्ग छताकडे पाहू लागतो.

अशीच एकदा उजळणी चालली असता आपले खजिनदार सभागृह-निधीची वही घेऊन आत आले. वहीत मोठमोठे आकडे पडले होते आणि ते समाधानाने पाने उलटून आम्हांला दाखवीत होते. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, ह्यात कोणी आकडा घातला आणि पुढे दिलाच नाही, तर संस्थेला कोर्टात जाता येईल का?" खजिनदार हसले. आम्हांला हसू आले नाही; त्याचे कारण सांगितले पाहिजे.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी आम्ही एका खेड्यातील शाळेवर होतो. शाळेला दोन खोल्या हव्या होत्या. मुख्याध्यापकांनी गावकऱ्यांची सभा भरविली आणि अक्षर बरे म्हणून वही आमच्या हाती दिली. आम्ही डावीकडे नाव आणि उजवीकडे रक्कम लिहीत गेलो. रक्कम कशासाठी, केव्हापर्यंत आणि कोणाकडे द्यावयाची, ह्यातले काहीच लिहिले नाही. बेरीज मोठी झाली, टाळ्या झाल्या. त्या बेरजेवर भरवसा ठेवून मुख्याध्यापकांनी गवंड्याला शब्द दिला. जोते झाले, भिंती उभ्या राहिल्या, आणि मग वर्गणी आटली. कोणाचे पीक गेले, कोणाच्या घरी लग्न निघाले, कोणी म्हणाले की आम्ही 'बघू' म्हटले होते, 'देऊ' म्हटले नव्हते. दोन पावसाळे त्या भिंती पत्र्यावाचून भिजल्या. गवंड्याची बाकी शेवटी मुख्याध्यापकांनी निवृत्त होताना हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून फेडली. त्यांनी कोणाला बोल लावला नाही, आम्हांलाही नाही. ती वही मात्र आमच्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाला म्हणूनच आम्ही पुढचे दोन रविवार दिले. तेव्हा ध्यानात आले की अभ्यासक्रमातले जे खटले मुले नुसती पाठ करतात, त्यांतले निम्मेअधिक ह्याच एका प्रश्नाभोवती फिरतात: माणसाने उच्चारलेला शब्द केवळ शब्दच केव्हा राहतो, आणि त्याचे देणे केव्हा होते?

आपल्याकडील करारांचा कायदा १८७२ सालचा. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून तो अंमलात आहे. त्याच्या पंचविसाव्या कलमाचे सार असे की, मोबदल्यावाचून केलेला करार, काही ठराविक अपवाद सोडले तर, कोर्टापुढे टिकत नाही. ह्या मोबदल्याला कायद्याच्या पुस्तकात 'प्रतिफल' म्हणतात. प्रतिफल म्हणजे रोख पैसाच असे नव्हे. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने काही केले, काही करावयाचे सोडले किंवा तसे करण्याचे उलट वचन दिले, तर तेही प्रतिफलच. 'वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून' हे तीन शब्द मुलांनी अधोरेखित करून ठेवावेत. दुर्गाप्रसादाचा खटला केवळ ह्या तीन शब्दांचा आहे. त्याने कलेक्टरच्या सांगण्यावरून स्वखर्चाने बाजारपेठ बांधली. तेथे दुकाने थाटणाऱ्यांनी विक्रीवर त्याला दलाली देण्याचे कबूल केले आणि पुढे दिली नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८० साली सांगितले की बाजार बांधला तो कलेक्टरच्या इच्छेवरून, दुकानदारांच्या नव्हे. सबब दुकानदारांच्या वचनाला प्रतिफल नाही. बिचाऱ्याचा खर्च खरा, बाजार खरा, दुकानदारांची कबुलीही खरी, आणि पदरात मात्र काही नाही.

आता वर्गणीकडे वळू. बेळगावात वर्गणीची वही फिरली नाही अशी गल्ली नसेल. गणपतीची असो, उरुसाची असो वा वाचनालयाची. ह्या वह्यांवर हिंदुस्थानातील कोर्टांनी दिलेले तीन निकाल एका ओळीत मांडले म्हणजे बहुतेक सारे उलगडते. एक मशिदीचा आहे, एक नगरभवनाचा आणि एक देवळाचा.

मशिदीचा खटला अब्दुल अझीझ विरुद्ध मासूम अली, अलाहाबाद, १९१४. मशिदीच्या पुनर्बांधणीसाठी एका गृहस्थाने ५०० रुपये देण्याचे वचन दिले होते. ती रक्कम मिळाली नाही, तेव्हा दावा झाला. न्यायालयाने पाहिले की ह्या ५०० रुपयांच्या भरवशावर मशिदीच्या समितीने काय केले? काहीच केले नव्हते. ना कोणाशी करार, ना वीट, ना चुना. कोणावर काही बोजा पडला नव्हता. म्हणून वचन हे वचनच राहिले आणि दावा फेटाळला गेला.

हा निकाल सांगितला की वर्गात थोडी चुळबूळ होते. आम्ही स्वतः मशिदीच्या चंद्याच्या वह्या लहानपणापासून पाहत आलो आहोत. अल्लाच्या घरासाठी बोललेला पैसा हा आपला राहतच नाही, असे आमचे वडील म्हणत. एका मुलाने विचारले, "मग सर, कोर्टाने शब्द मोडणाऱ्याला बरोबर ठरविले का?" तसे कोर्टाने मुळीच म्हटलेले नाही. तो माणूस चुकला की नाही, हा हिशेब कोर्टाने घेतलाच नाही. वसुलीसाठी कोर्टाची ताकद वापरता येईल का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर नाही असे आले.

नगरभवनाचा निकाल ह्याच्या आधीचा, १८८६ सालचा. आमच्या मते व्यापारी कायद्याच्या पहिल्या पुस्तकात संस्थांच्या कामाचा ह्यासारखा दुसरा खटला नाही. कलकत्त्यासमोर, हुगळीच्या पलीकडे हावडा. तेथे नगरभवन बांधावे, निधी जमला तर काम हाती घ्यावे, असे ठरले. केदारनाथ भट्टाचार्य हे तेथील नगरपालिकेचे सदस्य आणि नगरभवन-निधीचे एक विश्वस्त. वही फिरली. वर्गणी बऱ्यापैकी जमते आहे असे पाहून सदस्यांनी कंत्राटदाराशी बांधकामाचा करार केला. पुढे वर्गणीची यादी वाढली तसा इमारतीचा आराखडाही वाढत गेला, आणि २६,००० रुपयांत होणारे काम ४०,००० वर गेले. (हा भाग आम्ही आपल्या बांधकाम समितीसाठी मुद्दाम सावकाश लिहीत आहोत.) गोरी महंमद ह्यांनी वहीत सही करून १०० रुपये देण्याचे कबूल केले होते. ते त्यांनी दिले नाहीत.

शंभर रुपयांसाठी दावा झाला. हावड्याच्या लहान दाव्यांच्या कोर्टाने कायद्याचा प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयाकडे पाठविला, आणि मुख्य न्यायाधीश पेथरम ह्यांनी तो सोडविला. त्यांचा विचार सरळ आहे. वर्गणी मागितली ती कोणत्या कामासाठी, हे सही करणाऱ्याला ठाऊक होते. आपल्यासारख्यांच्या सह्यांवर विसंबून कंत्राटदाराचे देणे अंगावर घेतले जाणार, हेही ठाऊक होते. म्हणजे सहीचा अर्थ असा: 'तुम्ही बांधकाम काढा, मी शंभर देतो.' सदस्यांनी बांधकाम काढले, कंत्राटदाराशी स्वतःला बांधून घेतले. हेच त्या वचनाचे प्रतिफल. शंभर रुपये देणे भाग आहे.

मुलांच्या मनात येथे एक घोटाळा होतो. गोरी महंमदांना स्वतःला काय मिळाले, असे ती विचारतात. काही मिळाले नाही, आणि मिळावयास हवे असेही नाही. प्रतिफल म्हणजे वचन देणाऱ्याचा लाभच असला पाहिजे असे कायदा म्हणत नाही. त्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने आपल्या अंगावर बोजा घेतला, एवढे पुरते. आमच्या मुख्याध्यापकांनी गवंड्याचा बोजा अंगावर घेतला होताच. परंतु तो गावकऱ्यांच्या इच्छेवरून घेतला, हे दाखविणारी एक ओळही आम्ही वहीत लिहिली नव्हती.

तिसरा निकाल देवळाचा: दोरैस्वामी अय्यर विरुद्ध अरुणाचल अय्यर, मद्रास, १९३६. देवळाच्या दुरुस्तीचे काम आधीच सुरू झाले होते. पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा वर्गणीची यादी काढली. एकाने १२५ रुपये घातले आणि दिले नाहीत. येथे तर काम प्रत्यक्ष चाललेले होते, मग हावड्याचाच न्याय लागावा, असे कोणासही वाटेल. तसे झाले नाही. यादीने काम काढले नव्हते. कामाने यादी काढली होती. सही करणाऱ्याने 'तुम्ही अमुक करा, म्हणजे मी देतो' असे काही म्हटले होते आणि त्याच्या म्हणण्यावरून काही केले गेले, असे दिसून आले नाही. दावा गेला.

म्हणजे मशीद, नगरभवन आणि देऊळ ह्यांत धर्माचा काही संबंध नाही. हावड्याला वादी भट्टाचार्य आणि प्रतिवादी महंमद होते, ह्यावरून काही अनुमान काढू पाहणाऱ्या एका चतुर विद्यार्थ्याला आम्ही मद्रासचा निकाल वाचावयास दिला. तेथे दोघेही अय्यर आहेत. फरक पडतो तो क्रमाने. आधी वचन, मग त्या वचनावर विसंबून घेतलेला बोजा, असा क्रम असला पाहिजे.

कार्लिलबाईंचा खटलाही मुळात ह्याच रांगेत बसतो, फक्त तो विलायतेतला आणि गमतीचा असल्यामुळे मुलांना वेगळा वाटतो. १८९१ च्या नोव्हेंबरात कार्बॉलिक स्मोक बॉल कंपनीने जाहिरात दिली की, आमचा धुरी घेण्याचा गोळा रोज तीन वेळा दोन आठवडे सांगितल्याप्रमाणे वापरूनही ज्याला इन्फ्ल्यूएंझा होईल त्याला १०० पौंड देऊ. आमच्या मनाच्या खरेपणाची खूण म्हणून १००० पौंड बँकेत ठेवले आहेत. कार्लिलबाईंनी गोळा घेतला, नेमाने वापरला, आणि जानेवारीत त्यांना इन्फ्ल्यूएंझा झाला. कंपनी म्हणाली, ही केवळ जाहिरातबाजी. शिवाय बाईंनी 'आम्हांला मान्य आहे' असे कधी कळविलेच नाही. अपील कोर्टाने दोन्ही मुद्दे फेटाळले. बँकेत पैसे ठेवणारा थट्टा करीत नसतो, आणि जेथे काही करून दाखवावयाचे असते तेथे ते करणे हाच स्वीकार. संस्थेनेही प्रत्येक वर्गणीदाराला 'आपले वचन मान्य आहे' अशी चिठ्ठी पाठविली नाही म्हणून बिघडत नाही. पाया खणणे हेच तिचे उत्तर. मात्र त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. पाया खणण्यापूर्वी वर्गणीदाराने 'मला जमणार नाही' असे कळविले, तर त्याला धरून ठेवता येत नाही.

आणि वचन ठाऊक असले पाहिजे. लालमन शुक्ल हा कानपूरच्या एका पेढीवरचा मुनीम. मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला, त्याला शोधण्यास मालकाने लालमनला हरिद्वारला पाठविले. तो गेल्यावर मालकाने मुलगा शोधणाऱ्याला ५०१ रुपये देण्याची पत्रके काढली. लालमनने मुलगा शोधून आणला, पण त्या वेळी त्याला बक्षिसाची वार्ताच नव्हती. १९१३ साली अलाहाबादला त्याचा दावा फेटाळला गेला. ह्या निकालाबद्दल आम्हांला मुनीमजींची कणव येते, पण तर्क चुकीचा म्हणवत नाही. जे वचन कानीच आले नाही, त्यावर विसंबून आपण काही केले असे कोण म्हणू शकेल?

बाल्फर पतिपत्नींचे प्रकरण थोडक्यात आटोपतो. सिलोनात नोकरीस असलेल्या नवऱ्याने आजारी पत्नीला विलायतेत ठेवून परत जाताना दरमहा ३० पौंड देण्याचे कबूल केले होते. १९१९ साली अपील कोर्टाने म्हटले की नवराबायकोतली अशी बोलणी कोर्टात नेण्याच्या इराद्याने झालेली नसतात, तेव्हा हा करारच नव्हे. हा निकाल आम्ही घरी सांगितला तेव्हा जो अभिप्राय ऐकावयास मिळाला, तो स्मरणिकेत छापण्याजोगा नाही.

मोहरी बीबीचा खटला मात्र आपल्या वहीशी थेट जुळतो, हे प्रथम आमच्याही लक्षात आले नव्हते. कलकत्त्याच्या धर्मदास घोष ह्या अज्ञान मुलाने १८९५ साली ब्रह्मदत्त नावाच्या सावकाराला २०,००० रुपयांचे गहाणखत करून दिले. मुलगा अज्ञान आहे, असे त्याच्या आईने सावकाराच्या वकिलाला आधीच कळविले होते. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तोवर सावकार वारला होता, म्हणून खटल्यावर नाव मोहरी बीबीचे आले. १९०३ साली निकाल लागला की अज्ञानाचा करार हा मुळापासूनच शून्य. गहाणखत रद्द, आणि दिलेली रक्कमही परत मिळावयाची नाही. आता आपल्या वहीत सातआठ ठिकाणी हौसेने नातवंडांची नावे घातली आहेत, 'चि.' लावून. अठरा वर्षे पुरी न झालेल्या बाळाच्या नावापुढे आकडा असला, तर तो आकडा बाळाला बांधत नाही, आणि आजोबांनी स्वतःची सही केली नसेल तर त्यांनाही बांधत नाही. नाव खुशाल नातवाचे असावे. सही आजोबांची असावी.

आणखी दोन गोष्टी अनेक सभासद विचारतात. एक, हातात दिलेली देणगी. पैसे देऊन झाले, पावती फाटली, मग 'मला काय मोबदला मिळाला' म्हणून ते परत मागता येत नाहीत. प्रत्यक्ष दिलेल्या देणगीला प्रतिफलाचा नियम लागत नाही, हे त्याच पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. दुसरी, वर्गणीदार मध्येच वारला तर काय. वचनाचे देणे झालेले असेल, तर ते सामान्यतः वारसांवर येते, पण त्यांच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतेच. अशा वेळी संस्थेने वारसांच्या दारी जावे की नाही, हा कायद्याचा प्रश्न नाही. आमचे मत विचाराल तर जाऊ नये.

शब्दावर विसंबणाऱ्याला वाऱ्यावर सोडू नये, हा विचार पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही फार वाढविला. १९७९ च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोतीलाल पदमपत साखर कारखान्याच्या निकालात तर उत्तर प्रदेश सरकारच आरोपीसारखे उभे होते. विक्रीकराची तीन वर्षे माफी देऊ असे सरकारने सांगितले, त्या भरवशावर कंपनीने वनस्पती तुपाचा कारखाना काढला, आणि मग सरकारने शब्द फिरविला. न्यायालयाने सरकारला त्याच्या शब्दाला बांधले. हा भाग मुलांच्या परीक्षेला येतो की नाही, ते त्या त्या वर्षी ठरते.

तर आता आपली वही. आम्ही खजिनदारांना सुचविले की सह्यांच्या वर प्रत्येक पानावर एक मजकूर असावा: 'संस्थेच्या सभागृहाच्या बांधकामासाठी मी खालील रक्कम दिलेल्या तारखेपर्यंत देईन. ह्या वचनांवर विसंबून संस्था कंत्राटदाराशी करार करणार आहे हे मला ठाऊक आहे, आणि तिने तसे करावे अशी माझी इच्छा आहे.' पुढे नाव, रक्कम, तारीख आणि सही. तारीख अशासाठी की देणे चुकल्यापासून दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते, आणि तारीखच नसेल तर चुकले केव्हा, ह्यावरच वाद माजतो.

चिटणीसांनी लागलीच शंका काढली: असे लिहिले तर लोक सही करणार नाहीत, आकडे कमी पडतील. पडोत. पाया खणण्यापूर्वी जो आकडा कमी होतो त्याने कोणाचे नुकसान होत नाही. ज्यांना निश्चित सांगता येत नाही, त्यांच्यासाठी वहीच्या शेवटी 'जमेल तसे' असे वेगळे पान ठेवावे. त्या पानावरची बेरीज टाळ्यांसाठी वाचून दाखवावी, कंत्राटदाराला दाखवू नये. कोणावर शंभर-पाचशेसाठी दावा लावावा अशी आमची मुळीच इच्छा नाही, आणि संस्था तसे करील असेही वाटत नाही. आम्हांला भिंती भिजताना पुन्हा पाहावयाच्या नाहीत, इतकेच.

कार्यकारी मंडळाने मजकूर मान्य केला आहे, फक्त 'विसंबून' हा शब्द जड वाटतो म्हणून त्याऐवजी 'भरवशावर' घालावे असे ठरले. नवी वही बांधून आली आहे. जुन्या वहीतील सभासदांनी तीत पुन्हा सही करावयाची आहे. ती खजिनदारांकडे रोज सायंकाळी सहानंतर आणि रविवारी सकाळी अभ्यासिकेत पाहावयास मिळेल.